बुरूज पडला, त्यात पाप कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे वडील मे २०२१मध्ये कोरोनानं गेले. आमच्या मंडळीनं अकरा दिवस साखळी-प्रार्थना केली होती. त्यानंतरही मी मन घट्ट करून चर्चला जात राहिले. पण मग मणिपूर झालं, गाझा झालं, वायनाड झालं. दर वेळी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी लिहितं की ही देवाची शिक्षा आहे, शेवटचा काळ आला आहे. देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग हे का? आणि वडिलांच्या बाबतीत आम्ही कुठे कमी पडलो?"

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यांत जास्त तेच टोचत असणार. तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत. मी तेहतीस वर्षं पाळक आहे. त्यातली शेवटची नऊ वर्षं मिशन हॉस्पिटलच्या वॉर्डांतून फिरण्यात गेली. "आमचा विश्वास कमी पडला का?" हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकलं, ती बहुतेक सगळी रात्र रात्र गुडघ्यांवर बसलेली माणसं होती. येशूनं स्वतः, क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत तीन वेळा तीच प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळू दे. प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात उणीव होती असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल? मग तुमच्या वडिलांसाठी केलेल्या प्रार्थनेचा हिशेब मांडण्याचा अधिकारही कुणाला नाही.

आता त्या शिक्षेच्या संदेशांबद्दल. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडा. येशूकडे काही लोक ताजी बातमी घेऊन आले आहेत. गालीलातले काही लोक मंदिरात यज्ञ करत असताना रोमन सुभेदार पिलातानं त्यांना कापून काढलं, त्यांचं रक्त त्यांच्याच यज्ञाच्या रक्तात मिसळलं. बातमी आणणाऱ्यांच्या मनातला प्रश्न येशूनं ओळखला. ते लोक इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं त्यानं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं : नाही. मग त्यानं आपणहून दुसरी घटना काढली. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले होते. ते यरुशलेमेतल्या इतर सगळ्यांपेक्षा अधिक अपराधी होते का? पुन्हा नाही.

दोन्ही घटना नीट पाहा. पहिलीत माणसानं माणसाला मारलं, सत्तेच्या बळावर, देवाच्या दारात. दुसरीत भिंत कोसळली. आजच्या वर्तमानपत्रात जे काही येतं ते या दोन खणांपैकी एकात बसतं, आणि कित्येकदा दोन्हींत. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूची टाकी गळली आणि किमान बावीस रुग्ण गेले. त्यांतल्या एकाचंही पाप मोजायची परवानगी प्रभू आपल्याला देत नाही.

मला हे कळायला वेळ लागला, आणि ते मला एका बाईनं शिकवलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं असताना किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. मी सेवेत येऊन वर्षही झालं नव्हतं. चौथ्या दिवशी आम्ही कांबळी आणि धान्य घेऊन एका गावात पोचलो. गाव म्हणजे दगडांचा ढीग होता. त्या ढिगाशेजारी एक बाई बसली होती, पुढ्यात सूप, सुपात मातीत कालवलेली ज्वारी. ती त्यातून खडे वेचत होती. तिची दोन मुलं घरात गेली होती. मी शेजारी उकिडवा बसलो आणि पाठ करून आलेलं वाक्य बोललो, "यात देवाची काहीतरी योजना असेल, माय."

तिनं हात थांबवला. "लेकरं दगडाखाली घालून योजना करतो व्हय तुमचा देव?" आवाज चढवला नाही तिनं. मग सूप माझ्याकडे सरकवलं. "बोलू नका. हे निवडा."

दिवस मावळेपर्यंत मी ज्वारी निवडली. ती दुसऱ्या सुपावर. आमच्यात आणखी चार शब्दही झाले नाहीत. निघताना तिनं मला पाणी दिलं.

बायबलमधला ईयोब हा निर्दोष असून मुलंबाळं आणि सगळं काही गमावून बसलेला माणूस. त्याच्या मित्रांचं वाचा, म्हणजे मी काय चुकलो ते दिसेल. ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी एक शब्द बोललं नाही. तोवर ते खरे मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, देवाची बाजू घेऊन त्याला त्याचं पाप समजावू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. देवावर ओरडणारा ईयोब योग्य बोलला आणि देवाची वकिली करणारे चुकले, असा निकाल खुद्द देवानं दिला आहे. आमच्या सेमिनरीत हा निकाल शिकवतात. पण मयताच्या घरी गेल्यावर आम्हा पाळकांना तो आठवत नाही.

किल्लारीत मी आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. माणसं भूकंपानं मेली, हे अर्धं खरं होतं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर जड माळवद. धरणी काही सेकंद हलली, जीव घेतले ते भिंतींनी. पण आजूबाजूला लोक म्हणत होते, पाप वाढलं होतं. असं म्हणणाऱ्यांत साधीभोळी माणसंच असतात असंही नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही दैवी शिक्षा आहे असं गांधीजींनी म्हटलं होतं, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी त्याला जाहीर विरोध केला होता. अस्पृश्यता पाप होतं यावर दोघांचं दुमत नव्हतं. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्यांत अस्पृश्यही होते. त्यांना कसली शिक्षा? या एका मुद्द्यावर शिलोहाच्या बुरुजाशेजारी उभं राहून मला ठाकुरांची बाजू घ्यावी लागते.

तुम्ही वायनाडचं लिहिलंत. ती दरड ३० जुलै २०२४ची. त्याच तारखेला, २०१४ साली, आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं होतं, १५१ माणसं. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडी. पाऊस देवाच्या हातात असेल, पण उताराला कुठे खणायचं आणि कुणाला कुठे राहायला भाग पाडायचं हे माणसंच ठरवतात. माधव गाडगीळ समितीनं २०११मध्ये पश्चिम घाटाबद्दल सावध केलं होतं. केरळात त्या अहवालाविरुद्ध जी आंदोलनं झाली त्यांत ख्रिस्ती धर्मगुरूही पुढे होते. शेतकऱ्यांची जमीन जाईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण येशूच्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग इथे लागतो, आणि तो मी कित्येक वर्षं प्रवचनात टाळला.

"नाही" म्हटल्यावर येशू थांबत नाही. तो पुढे म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही, तर तुम्हा सर्वांचा असाच नाश होईल. तुमच्या गटावरचे लोक हेच वाक्य वापरतात, म्हणून तुम्हाला ते नकोसं झालं असेल. पण हे वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बघा. मेलेल्यांबद्दल त्यात अक्षर नाही. बातमी घेऊन आलेले, जिवंत, सुखरूप, मेलेल्यांच्या पापाची चर्चा करणारे जे लोक समोर उभे आहेत, त्यांना तो हे म्हणतो आहे. पश्चात्ताप म्हणजे वळणं. बुरूज कुणी बांधला, पाया कुणी तपासला नाही, पुढचा बुरूज कोणता? त्याच यरुशलेमेला पुढे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्यानं जमीनदोस्त केलं. त्यामुळे दरडीच्या बातमीखाली "पश्चात्ताप करा" असं लिहायचंच असेल, तर लिहिणाऱ्यानं आधी आपल्या गावातल्या डोंगराकडे, नाल्याकडे आणि ग्रामपंचायतीच्या परवानग्यांकडे बघावं.

तरीही तुमचा मूळ प्रश्न उरतोच. चांगला आणि सर्वसमर्थ, मग का? हा प्रश्न ख्रिस्ताच्याही आधीपासून विचारला जातो आहे. मनुष्याला स्वातंत्र्य दिलं म्हणजे ते चुकीचं वापरण्याची मोकळीकही आलीच, हे उत्तर पिलाताच्या तलवारीला बऱ्यापैकी लागू पडतं. सहा वर्षांच्या मुलाच्या रक्ताच्या कॅन्सरला ते लागू पडत नाही. दुःखानं माणूस घडतो, हेही म्हणतात. काही माणसं घडताना मी पाहिली आहेत, मोडतानाही पाहिली आहेत, आणि मोडणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. वॉर्डात उभं राहून मी यांतलं एकही उत्तर तोंडातून काढत नाही. संपूर्ण उत्तर माझ्याकडे नाही आणि पवित्र शास्त्रही ते देत नाही. ईयोबाला देव वादळातून बोलला, पण "का" ते सांगितलं नाही.

शास्त्र काय देतं? देव कुठे आहे ते सांगतं. १९४३च्या जुलैत हॅम्बर्गवर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा युर्गन मोल्टमन सतरा वर्षांचा होता, विमानविरोधी तोफेवर नेमलेला. शेजारी उभा असलेला मित्र जागीच मेला, हा वाचला. घरात धर्माचं वातावरण नव्हतं, पण त्या रात्री तो पहिल्यांदा देवाला हाक मारून ओरडला, कुठे आहेस तू? पुढे युद्धकैदी झाल्यावर छावणीत एका लष्करी धर्मोपदेशकानं त्याला बायबल दिलं. त्यात एकोणचाळिसावं स्तोत्र वाचलं, मार्काचं शुभवर्तमान वाचलं, आणि क्रुसावरच्या "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" या आक्रोशापाशी तो थांबला. माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आपण ज्याला शोधत ओरडत होतो, तोही हेच ओरडतो आहे, हे त्या मुलाला कळलं. पुढे तो विसाव्या शतकातल्या मोठ्या ईश्वरविज्ञान-पंडितांपैकी एक झाला आणि जून २०२४मध्ये वारला. देव त्या वेळी कुठे होता, याला माझं उत्तर तेच आहे. तुमचे वडील ज्या खाटेवर श्वासासाठी झगडत होते, त्या खाटेवर होता. क्रुसावरचं मरण हे बऱ्याच अंशी गुदमरून येणारं मरण असावं, असं काही वैद्यकतज्ज्ञ मानतात. २०२१च्या वॉर्डांमध्ये मला हे दिवसातून दहा वेळा आठवायचं.

त्या मे महिन्यातला एक दफनविधी सांगतो. खड्डा जेसीबीनं काढला होता. आम्ही चौघं, पांढऱ्या किटमध्ये. मयताची पत्नी विलगीकरणात होती. तिनं फोनवर सांगितलं होतं, पेटी खाली जाताना मला दाखवा. मी फोन खड्ड्यावर धरला. काचेवर वाफ, हातमोज्यांमुळे पडद्याला बोट लागेना. "मातीला माती" म्हणून मी मूठभर माती टाकली तेव्हा फोनमधून तिचा आवाज आला, "पाळकसाहेब, माझ्या वाटची पण टाका." दुसरी मूठ टाकली. मग मुलाची, मग लहान्याची. चार मुठी झाल्या. "प्रभूमध्ये निजला" हे शब्द मी त्या दिवशी म्हणू शकलो नाही, घशातच राहिले. येशूही आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी आधी रडला होता. पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, हे त्यानं मार्थेला त्याआधी थोड्याच वेळापूर्वी सांगितलं होतं, तरीही रडला. मार्था आणि मरिया, दोघींनीही त्याला तोंडावर सुनावलं होतं की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्यानं एकीलाही गप्प केलं नाही.

म्हणून तुम्हाला पाळक म्हणून एक काम सांगतो : देवाशी भांडा, आणि मोठ्यानं भांडा. स्तोत्रसंहितेतली तिसऱ्या हिश्शाच्या आसपास स्तोत्रं विलापाची आहेत. चव्वेचाळिसाव्यात लोक देवाला विचारतात, जागा हो, झोपलास का? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. आपण रविवारी फक्त स्तुतीची निवडतो. दुःखी माणूस बाकावर बसतो आणि त्याला वाटतं, आपण सोडून सगळे आनंदी आहेत. माझ्या मते मराठी मंडळ्यांतली ही सगळ्यांत मोठी उणीव आहे. गाणी कमी नाहीत आपल्याकडे, रडायला जागा कमी आहे.

मणिपूरबद्दल लिहिताना मला सावध राहावं लागतं, कारण तिथे "आपले" आणि "त्यांचे" असं सरळ मांडता येत नाही. ३ मे २०२३ला हिंसा पेटली तेव्हा कुकी लोकांची चर्च जळाली, मैतेई ख्रिस्ती मंडळ्यांचीही जळाली, मंदिरांवरही हल्ले झाले. दोन्ही बाजूंच्या आया निर्वासितांच्या छावण्यांत आहेत. अशा वेळी बाहेरून कुणी "क्षमा करा" म्हणून उपदेश करू नये. क्षमा ज्याची त्यानं द्यायची असते. २२ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात गाडीत झोपलेले ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, यांना जमावानं जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, ती त्यांनी स्वतः केली, आणि मुलीसह बारीपद्यातच राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. क्षमा वेगळी आणि गुन्ह्याचा परिणाम वेगळा, हेही त्यांनी स्पष्ट ठेवलं. खटला चालला, मुख्य आरोपीच्या जन्मठेपेवर २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. श्रीलंकेतही असंच. २१ एप्रिल २०१९, ईस्टरची सकाळ, तीन चर्च आणि हॉटेलांत स्फोट, अडीचशेहून जास्त मृत्यू. कार्डिनल माल्कम रंजित यांनी लोकांना सूड घेऊ दिला नाही आणि चौकशीचा आग्रहही सोडला नाही. हल्ल्याची पूर्वसूचना असूनही हालचाल केली नाही म्हणून जानेवारी २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना दहा कोटी श्रीलंकन रुपयांची भरपाई द्यायला लावली. ज्यांना वाटतं की विश्वास म्हणजे गप्प बसणं, त्यांनी हे बघावं.

शेवटच्या काळाविषयी थोडक्यात. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात लढाया आणि भूकंपांचा उल्लेख आहे, खरं आहे. त्याच ठिकाणी येशू म्हणतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही. ७ ऑक्टोबर २०२३ला इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली, त्यानंतर गाझात हजारोंच्या हजारो. या मेलेल्या लेकरांना कुणी भविष्यवाणीच्या तक्त्यावरच्या खुणा बनवतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. पोप फ्रान्सिस यांना जे सुचलं ते मला जास्त शास्त्राला धरून वाटतं. गाझा शहरातल्या होली फॅमिली चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत, अखेरच्या आजारपणातही. कसे आहात, आज काय खाल्लंत, असं विचारत.

आणि लूकचा तो अध्याय बुरुजापाशी संपत नाही. लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू दे, मी भोवती खणतो, खत घालतो. आमच्या मंडळीतल्या एका वडीलजनांची सासवडजवळ अंजिराची बाग आहे. बहर धरताना ते आधी पाणी तोडतात, मग प्रत्येक झाडाचं आळं हातानं उकरतात, मुळी दुखावू नये म्हणून कुदळ तिरकी धरतात, शेणखत भरतात आणि मगच पाणी सोडतात. दिवसभर कंबर वाकलेली असते. बातमीवरच्या प्रश्नाला येशूनं दिलेलं उत्तर इथे येऊन पोचतं, शेणानं भरलेल्या हातांपाशी. पंडिता रमाबाईंनी ते वाचलं होतं. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळाच्या वर्षांत गमावली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला विहिरी खणून मुक्ती सदन उभं केलं. देवानं दुष्काळ का पाडला हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. मुलींना पाणी मात्र लागत होतं. १९२१मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरचे आठ-साडेआठ महिने, स्वतः जाईपर्यंत, त्या बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या.

चर्चला जायचं की नाही, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण ओळींमधून दिसतं. गट सोडायचा असेल तर खुशाल सोडा, त्यात पाप नाही. मंडळी मात्र एवढ्यात सोडू नका. तुमच्या पाळकांना सांगा की मे महिन्यातल्या एका रविवारी २०२१मध्ये गेलेल्यांची नावं वाचा आणि त्या दिवशी स्तुतीऐवजी विलापाचं स्तोत्र घ्या. आमच्याकडे आम्ही हे करतो. नावं वाचून झाली की दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. ते तयार झाले नाहीत, तर घरी आईबरोबर तेरावं स्तोत्र वाचा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या चार ओव्या तक्रारीच्या आणि काकुळतीच्या, "हे परमेश्वरा, कुठवर?" शेवटच्या दोन भरवशाच्या. त्या दोन तोंडात येत नसतील तर चौथ्या ओवीवर थांबा.

माझी पत्नी गेली तेव्हा मी चौदा महिने चौथ्या ओवीवर थांबत होतो. उपासनेत स्तोत्र आलं की मी पुस्तक मिटायचो. माझ्या बाकावर गायनवृंदातल्या एक म्हाताऱ्या आजी बसायच्या, त्यांना हे कळलं होतं. पाचवी ओवी आली की त्या माझ्याकडे न बघता आवाज थोडा वाढवायच्या.